फुकट मिळालेलं इंग्रजी क्लासिक शेवटपर्यंत कोणी वाचलंय का? खरं सांगा

रात्रपाळी (धागाकर्ता):
नमस्कार मंडळी. चारेक वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

माझ्या फोनात 'क्लासिक' नावाचा फोल्डर आहे. त्यात ८३ इंग्रजी पुस्तकं, बहुतेक सगळी प्रोजेक्ट गुटेनबर्ग या कॉपीराइट संपलेल्या पुस्तकांच्या साइटवरून उतरवलेली, एक पैसा न देता आणि कुणाचं काही न चोरता. त्यातली पूर्ण वाचलेली किती, तर परवापरवापर्यंत दोन. मिडलमार्चचं पहिलं पान चार वेळा वाचलंय. मोबी डिक तीनदा सुरू केलं आणि तिन्ही वेळा जहाज बंदर सोडायच्या आत मीच उतरलो (जहाज बाविसाव्या प्रकरणात सुटतं, हेसुद्धा मला विकिपीडियावरून कळलं).

मला वाटायचं आपलं इंग्रजी कच्चं, मराठी मिडीयम, त्यात आयटीआय, म्हणून होत नसेल. मग एका नाइटला मशीन बंद पडलं आणि मेंटेनन्सवाले येईपर्यंत तीन तास नुसतं बसायचं होतं तेव्हा फोनवर इकडेतिकडे वाचताना कळलं की चार्ल्स डिकन्सचं ग्रेट एक्स्पेक्टेशन्स लोकांसमोर आधी पुस्तक म्हणून आलंच नव्हतं. डिकन्सचं स्वतःचं साप्ताहिक होतं, ऑल द इयर राउंड, किंमत दोन पेन्स, त्यात चार्ल्स लीव्हर म्हणून एकाची कादंबरी चालू होती ती लोकांना आवडेना, खप पडायला लागला, मग मालकच पॅड बांधून मैदानात उतरला. १ डिसेंबर १८६०, शनिवार, पहिला हप्ता. ३ ऑगस्ट १८६१ ला शेवटचा. एकूण ३६.

म्हणजे बघा, जे लोकांनी आठ महिने चघळत चघळत वाचलं ते मी दिवाळीच्या चार दिवसांच्या सुट्टीत संपवायला बघत होतो आणि जमत नाही म्हणून स्वतःला ढ समजत होतो!

मग मी तसंच केलं. दर शनिवारी एक हप्ता, कधी एक प्रकरण कधी दोन, ड्यूटीवरून येताना लोकलमध्ये. मधल्या दिवसांत कितीही हात शिवशिवले तरी पुढचं उघडायचं नाही. गेल्या शनिवारी संपलं. ५९ प्रकरणं. बदलापूर आलं तरी डब्यात बसून होतो.

तर प्रश्न असा, की तुम्ही ही जुनी पुस्तकं ऑनलाइन कशी वाचता? कुठून घेता? आणि खरंच संपवता का, का नुसता साठा?

निळी छत्री:
साठा. फक्त साठा. माझा आकडा ८३ पेक्षा मोठा आहे, सांगणार नाही :)

धागा आवडला दादा. मी वाचत नाही, ऐकते. लिब्रिव्हॉक्स. २००५ पासून चालू आहे, जगभरातले हौशी लोक घरात बसून एकेक प्रकरण वाचून रेकॉर्ड करतात, सगळं फुकट. पोळ्या लाटताना प्राइड अँड प्रेज्युडिस संपवलं. फक्त एक काळजी घ्या, काही पुस्तकांत दर प्रकरणाला वेगळा माणूस असतो, म्हणजे काल मिस्टर डार्सी अमेरिकन होता आणि आज त्याला सर्दी झालीय. 'सोलो' लिहिलेलं शोधा, म्हणजे सबंध पुस्तक एकाच आवाजात मिळतं.

टेकाड:
डिकन्सला शब्दामागे पैसे मिळायचे म्हणून तो पाल्हाळ लावायचा हे जगजाहीर आहे. आठ महिने कशाला घालवायचे, सारांश वाचा आणि मोकळे व्हा.

बोरूबहाद्दर:
टेकाड, जगजाहीर असलं तरी खोटं आहे. शब्दामागे नव्हे, हप्त्यामागे पैसे ठरलेले असत. त्याच्या बऱ्याचशा कादंबऱ्या मासिक भागांत निघाल्या, प्रत्येक भाग छापील ३२ पानांचा, किंमत एक शिलिंग. ३२ म्हणजे ३२. मजकूर जास्त झाला तर छापखान्यातून प्रुफं आल्यावर स्वतःच्याच ओळी कापाव्या लागत. पाल्हाळ लावून त्याला दमडी जादा मिळत नव्हती. पिकविक पेपर्स १८३६ मध्ये असाच सुरू झाला, पहिल्या भागाला कुणी विचारत नव्हतं, शेवटी शेवटी महिन्याला ४०,००० प्रती जात होत्या.

बाकी पुस्तक एकगठ्ठा घ्यायचं तर तीन खंडांची कादंबरी साडेएकतीस शिलिंगला पडे. सामान्य माणसाच्या ऐपतीबाहेरची गोष्ट. म्हणून लोक एकतर हप्ता घेत नाहीतर म्युडीच्या वाचनालयाची वर्गणी भरत. रात्रपाळी यांनी जे केलं ते नवीन काही नाही, पुस्तक मूळ चालीवर आणलं एवढंच.

आपल्याकडेही तेच. हरिभाऊ आपट्यांचं 'पण लक्षात कोण घेतो' करमणूक साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः येत होतं. यमूचं पुढे काय होणार म्हणून घरोघरी अंकाची वाट बघत. आज तेच पुस्तक एका बैठकीत वाचायला घेतलं तर जड जातं, आणि दोष भाषेला देतात.

मी स्वतः मात्र फोनवर वाचत नाही. वय ७१. कागदच बरा.

रात्रपाळी:
काका, धन्यवाद, ही शिलिंगची गोष्ट माहीत नव्हती. रच्याकने (म्हणजे बाय द वे) तुम्हाला एक आवडेल, डिकन्स जर्नल्स ऑनलाइन म्हणून बकिंगहॅम विद्यापीठाची साइट आहे तिथे त्या साप्ताहिकाची मूळ पानंच स्कॅन करून ठेवलीत. दोन कॉलम, बारीक टाइप. टॅबवर बघा, जवळजवळ कागदच. मी शेवटचे काही हप्ते तिथेच वाचले, कारण गुटेनबर्गच्या फाइलमध्ये हप्ता कुठे तुटला ते कळत नाही. पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा नुसतं बघत बसलो, कारण हप्ता संपला की त्याच पानावर लगेच दुसरा कुठलातरी लेख चालू, गोष्टीतल्या पिप नावाच्या आपल्या पोराचं काय झालं याचं कुणाला काही पडलेलं नाही.

तांबडी माती:
मस्त धागा. मी कुडाळचा. मला अडचण वेगळीच आली होती, ग्रेट एक्स्पेक्टेशन्सच्या पहिल्याच प्रकरणात तो पळालेला कैदी पोराला दरडावतो की मला 'विटल्स' आणून दे. डिक्शनरीत बोट दाबून धरलं, काहीच नाही. नेटवर शोधलं तेव्हा कळलं की शब्द 'व्हिक्चुअल्स' असा लिहितात, म्हणजे खाणंपिणं, पण उच्चार मुळातच 'व्हिटल्स', आणि हा बाबा 'व्ह' चा 'व' करतो म्हणून डिकन्सनी जसं कानाला ऐकू येतं तसं लिहिलंय.

तेव्हा डोक्यात लाइट पेटली. आपण मालवणी संवाद छापलेले वाचतो तेव्हा काय करतो, ओठ हलवून वाचतो ना? डोळ्यांनी कळत नाही ते कानाला कळतं. तेव्हापासून पिपचा लोहार मेहुणा 'जो गार्जरी' बोलायला लागला की मी मोठ्याने वाचतो. बायको म्हणते भूतबाधा झालीय. पण अडत नाही आता. डिक्शनरीला 'प्रमाण' तेवढंच कळतं, तिला गावाकडचं माणूस कळत नाही.

निळी छत्री:
:ड भूतबाधा!!
आणि त्याच वाक्यात तो 'फाइल' पण मागतो ना, मी क्षणभर पीडीएफ समजले.

तांबडी माती:
कानस ताई, कानस. पायातली बेडी घासायला.

चिंचगुळ:
कुठून घ्यायचं यावर थोडं लिहिते कारण या भानगडीत मी आतून आहे.

गुटेनबर्गची पुस्तकं आकाशातून पडत नाहीत. मायकेल हार्ट म्हणून इलिनॉय विद्यापीठातला विद्यार्थी, ४ जुलै १९७१ ला त्याला तिथल्या मोठ्या कॉम्प्युटरवर काम करायची मुभा मिळाली तर त्याने अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा टाइप करून ठेवला, तिथून सुरुवात. आज ७०,००० च्या वर पुस्तकं आहेत. आणि यातली हजारो पुस्तकं डिस्ट्रिब्युटेड प्रूफरीडर्स नावाच्या मांडवाखालून जातात, २००० सालापासून. मी तिथे पानं तपासते. स्क्रीनवर एका बाजूला जुन्या पुस्तकाच्या पानाचा फोटो, दुसऱ्या बाजूला मशीनने वाचलेला मजकूर, आणि आपण ओळ न ओळ ताडून बघायची. एक पान एकाच्या हातून जात नाही, एकामागून एक फेऱ्या होतात. दिवसाला एक पान करा, एवढीच अपेक्षा असते.

मशीनचा सगळ्यात लाडका घोटाळा म्हणजे 'आर' आणि 'एन' शेजारी आले की त्याला ते 'एम' दिसतं. त्यामुळे 'मॉडर्न' चं 'मोडेम' होतं. अठराव्या शतकातल्या नाटकात मोडेम! आणि त्या काळच्या छपाईत 'एस' लांबट असायचा तो 'एफ' सारखा दिसतो, त्याने तर जे काही शब्द तयार होतात ते इथे लिहीत नाही.

हे सांगायचं कारण, ऑनलाइन दुकानांत ३०-४० रुपयांना जी 'कम्प्लीट वर्क्स' मिळतात त्यातली कितीतरी कुणीही न तपासता ढकललेली असतात. मी एकदा घेतलं होतं, दर चौथ्या पानावर मधेच पानाचा नंबर आणि पुस्तकाचं नाव वाक्यात घुसलेलं. फुकटचं चांगलं असताना पैसे देऊन कचरा घेतला. त्यापेक्षा स्टँडर्ड ईबुक्स बघा, तिथे बहुतेक वेळा गुटेनबर्गचाच मजकूर घेऊन नीट मांडणी करतात, मुखपृष्ठाला जुनं पेंटिंग लावतात, आणि तेही फुकट. फोनवर ईपबच घ्या, पीडीएफ नको, नाहीतर दर ओळीला पान डावीउजवीकडे सरकवत बसाल.

आणि आवृत्ती बघून घ्या!! फ्रँकेनस्टाइन १८१८ चं वेगळं आणि १८३१ चं वेगळं. पहिल्यात एलिझाबेथ ही नायक व्हिक्टरची आतेबहीण आहे, दुसऱ्यात ती बाहेरून आणलेली अनाथ मुलगी. गुटेनबर्गवर दोन्ही आहेत. आमच्या ग्रुपमध्ये यावरून अर्धा तास भांडण झालं, प्रत्येकजण आपापल्या फोनमधलं पान दाखवतोय आणि दोघंही बरोबर.

निळी छत्री:
चिंचगुळताई वाखुसा (वाचनखूण साठवली). आवृत्तीवरून आठवलं, शाळेत असताना शांता शेळक्यांचं चौघीजणी पारायण केल्यासारखं वाचलं होतं. पुढे मूळ लिटल विमेन कुठल्याशा साइटवरून उतरवलं आणि ते लग्न ठरण्यावरच संपलं. मी म्हटलं बाकीचं शांताबाईंनी मनाने लिहिलं की काय! मग कळलं की १८६८ ला पहिला भाग आला, १८६९ ला दुसरा, आणि इंग्लंडात तो दुसरा भाग गुड वाइव्ह्ज नावाने वेगळंच पुस्तक म्हणून विकायचे. माझ्याकडे अर्धंच आलं होतं. शांताबाईंची मनातल्या मनात माफी मागितली.

टेकाड:
शब्दामागे पैशांचं मागे घेतो. बोरूबहाद्दर काका बरोबर आहेत.
पण मोबी डिकचं काय? ते कुठे हप्त्याने आलं होतं? १८५१ ला सरळ पुस्तकच आलं. १३५ प्रकरणं. त्यात बत्तिसाव्या प्रकरणात देवमाशांचे प्रकार सांगत बसतो, जणू काही झेडपीच्या शाळेत तपासणी आहे. ती प्रकरणं गाळली तर काय बिघडतं?

बोरूबहाद्दर:
गाळाल तर शिकारीला गेल्यासारखं वाटेल, दोनतीन वर्षं समुद्रावर काढल्यासारखं वाटणार नाही. त्या जहाजांवर बहुतेक दिवस काहीच घडत नसे.

रच्याकने (हा शब्द मी इथेच शिकलो), त्या पुस्तकाची गंमत ठाऊक आहे का? ते आधी लंडनला निघालं, द व्हेल नावाने, तीन खंडांत. त्यात शेवटचा उपसंहारच छापायचा राहिला. आता उपसंहारात काय आहे हे ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी सांगत नाही, पण तो नसेल तर गोष्ट सांगणारा माणूस गोष्ट सांगायला उरलाच कसा हा प्रश्न पडतो. तिकडच्या टीकाकारांनी तेच धरून मेलव्हिलला झोडपलं. चूक छपाईतली, मार लेखकाला. पुढे त्याने १९ वर्षं न्यूयॉर्कच्या कस्टममध्ये नोकरी केली.

टेकाड:
१९ वर्षं कस्टममध्ये??? आता वाचायलाच लागेल.

निळी छत्री:
टेकाडभाऊ, ऐका मग. मोबी डिक बिग रीड म्हणून आहे, २०१२ ला इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठाकडून सुरू झालं होतं, दर प्रकरणाला वेगळा माणूस. पहिलं प्रकरण टिल्डा स्विंटन वाचते. दिवसाला एक असं १३५ दिवस लोकांना मिळत होतं. झाला की नाही हप्ता? (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

दूरदेशी:
टोरोंटोहून. हप्त्याचा विषय निघालाच आहे तर ड्रॅक्युला डेलीबद्दल कोणी बोललं नाही याचं आश्चर्य वाटलं. ड्रॅक्युला ही सगळी डायऱ्या, पत्रं, तारा यांची मिळून झालेली कादंबरी, ३ मेपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतची. २०२१ मध्ये एकाने असं केलं की ज्या तारखेची नोंद त्याच तारखेला तेवढाच मजकूर ईमेलने पाठवायचा. पुढच्या वर्षी तर हजारो लोक त्यात शिरले.

मी २०२२ ला केलं. ३ मेला पहिलं ईमेल, जोनाथन हार्कर ट्रेनने निघालाय, रात्री हॉटेलात चिकन पॅप्रिका खातो, आवडतं, मिनासाठी रेसिपी घ्यायची अशी स्वतःलाच आठवण लिहून ठेवतो. आपल्याकडचा नवा लग्न ठरलेला मुलगा ऑफिसच्या कामाने बाहेरगावी गेला की कसं असतं अगदी तसं. मग तो किल्ल्यात पोचतो. आणि मग मधेच काही दिवस ईमेलच येत नाही. पुस्तक हातात असतं तर पान उलटून आपण दोन सेकंदात पुढच्या तारखेवर गेलो असतो. इथे नाही जाता येत. मी ऑफिसात मीटिंगमध्ये बसून खरोखर विचार करत होतो की त्याचं काय झालं असेल. १८९७ चं पुस्तक, शेवट सगळ्या जगाला माहीत, आणि मी इनबॉक्स उघडून बघतोय.

एक मात्र आहे, पुस्तकात सगळं तारखेच्या क्रमाने नाही, काही नोंदी मागून येतात. तारखेने लावलं की काही रहस्यं आधीच फुटतात. बोरूबहाद्दर काकांना हे पटणार नाही बहुतेक.

बोरूबहाद्दर:
नाही पटणार. लेखकाने लपवलेलं पत्र पोस्टमनने आधीच वाचून दाखवल्यासारखं झालं. पण तुम्हाला चार दिवस त्या पोराची काळजी लागली हे पटलं.

पोटमाळा:
थोडं कायद्याचं, कारण वर 'कुणाचं काही न चोरता' लिहिलंय आणि नंतर गोंधळ होतो.

आपल्याकडे लेखक वारला की त्यापुढची ६० वर्षं कॉपीराइट. आधी ५० होती, टागोरांच्या साहित्याची मुदत संपत आली तेव्हा १९९२ ला १० वर्षं वाढवली. अमेरिकेत जुन्या पुस्तकांचा हिशेब प्रकाशनापासून ९५ वर्षं. त्यामुळे जॉर्ज ऑर्वेल, वारला जानेवारी १९५० मध्ये, भारतात २०११ पासून मोकळा. पण त्याचं १९८४ हे १९४९ ला आलेलं, अमेरिकेत ते २०४४ संपेपर्यंत बांधलेलं. म्हणून अमेरिकेच्या गुटेनबर्गवर ते सापडत नाही, ऑस्ट्रेलियाच्या गुटेनबर्गवर सापडतं. साइट ज्या देशातली त्या देशाचा नियम साइटला, आणि आपण जिथे बसलोय तिथला आपल्याला.

अजून एक. हेमिंग्वे १९६१ ला वारला, म्हणजे द ओल्ड मॅन अँड द सी आपल्याकडे २०२२ पासून मोकळं झालं. पण पुलंनी केलेलं 'एका कोळियाने' नाही. अनुवादाचा कॉपीराइट अनुवादकाच्या हिशेबाने. पुलं २००० साली गेले, म्हणजे २०६० संपेपर्यंत. तेव्हा पीडीएफ फिरवू नका रे.

दूरदेशी:
पोटमाळा, आमच्याकडे ५० होती, २०२२ संपता संपता ७० केली. म्हणजे तेव्हापासून वीस वर्षं इथे नवीन कोणीच मोकळं होणार नाही.

रात्रपाळी:
एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. सगळ्यांना धन्स.

ज्यांनी ग्रेट एक्स्पेक्टेशन्स वाचलंय त्यांना एक विचारायचं होतं शेवटाबद्दल. मी संपवल्यावर बघितलं तर डिकन्सने आधी वेगळाच शेवट लिहिला होता, बुलवर-लिटन या लेखक मित्राने सांगितलं म्हणून बदलला. मूळ शेवटात पिप आणि एस्टेला लंडनच्या रस्त्यात ओझरते भेटतात, तिचं दुसरं लग्न झालेलं असतं एका डॉक्टरशी, हात मिळवतात आणि

निळी छत्री:
स्पॉयलर!!!!! मी आत्ताच उतरवलंय!

टेकाड:
ताई, १८६१ चं पुस्तक आहे. मुदत संपली. पोटमाळांना विचारा.

निळी छत्री:
माझ्यासाठी ते या शनिवारी येतंय.

रात्रपाळी:
सॉरी ताई, चुकलं. शेवटाचं ३६ आठवड्यांनी बोलू. मला तेवढी घाई नाही, आता मिडलमार्च घेतोय, तेही आठ भागांत आलं होतं १८७१-७२ मध्ये, त्यामुळे वर्षभर निवांत.

बोरूबहाद्दर:
ती बकिंगहॅमवाली साइट उघडली. नातवाने टॅब लावून दिला. डोळ्यांना त्रास होत नाही असं म्हणणार नाही, पण दीड तास उठलो नाही.

तांबडी माती:
काका :) मोठ्याने वाचलंत की नाही?

बोरूबहाद्दर:
वाचलं. घरात कोणी नव्हतं.

निळी छत्री:
रात्रपाळी दादा, शनिवारच्या हप्त्यात किती प्रकरणं आहेत तेवढं सांगा. ठरवून बसते, चहा घेऊन.

रात्रपाळी:
पहिल्या हप्त्यात दोन. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी पोरगं पहाटे घरातलं खाणं चोरतं, जोच्या हत्यारांतून कानस उचलतं आणि धुक्यातून दलदलीकडे पळत सुटतं. तिथे थांबायचं. कैद्याचं काय होतं ते पुढच्या शनिवारी. आणि तो दिवस नाताळचा असतो, लोकांच्या हातात हे आलं तेव्हा डिसेंबरच चालू होता, तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

निळी छत्री:
थांबले नाही. तिसरं पण वाचलं. आणि चौथं अर्धं. पोळ्या बाहेरून मागवल्या.

रात्रपाळी:
ताई!!